'तुम्ही कोण?' : 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आणि ग्रामीण महाविद्यालयातील इंग्रजीचे अध्यापन

प्रस्तावना

आपल्याकडील इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतून वंशभेदाचा इतिहास विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो, तो बहुधा परदेशातील घटनांच्या आधारे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ चे वॉशिंग्टन येथील भाषण, नेल्सन मंडेला यांच्या आत्मचरित्रातील उतारे, माँटगोमेरी येथे १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांची हकिकत, हे पाठ प्राध्यापकांच्या परिचयाचे आहेत. हे पाठ महत्त्वाचे आहेत, याविषयी दुमत नाही. त्यांत प्रवासाला असलेले स्थानही लक्षणीय आहे. कायद्याचे कलम वाचून जो भेद समजत नाही, तो रेल्वेचा डबा, बसमधील आसन किंवा रात्रीच्या मुक्कामाची खोली यांतून विद्यार्थ्यास लगेच समजतो.

परंतु बेंबळीसारख्या गावातून धाराशिवला एस.टी.ने शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हे पाठ ठेवले असता एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. त्याला भाषा परकी असते आणि अनुभवही परका वाटतो. भेदभाव ही अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत घडलेली, कृष्णधवल छायाचित्रांतील घटना आहे, असा त्याचा समज होतो आणि परीक्षेतील उत्तर लिहून तो मोकळा होतो. या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोटेखानी इंग्रजी लेखनाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे लेखन सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून अनेकदा वाचले जाते. इंग्रजी गद्य म्हणून आणि इंग्रजी शिकण्याचे साधन म्हणून त्याचे मूल्यमापन मात्र फारसे होत नाही. एन.सी.ई.आर.टी.च्या २००६ सालच्या इयत्ता सहावीच्या पुस्तकात यातील बालपणीचा प्रसंग आला होता, पण तो सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात. इंग्रजीच्या तासाला आपण वेगळ्या देशाकडे पाहतो आणि नागरिकशास्त्राच्या तासाला स्वतःकडे, ही विभागणी तपासून पाहण्याची गरज आहे.

लेखनाचा काळ व स्वरूप

हे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. त्यांच्या हस्ताक्षरातील हा मजकूर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रकाशित केला. पुढे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या, वसंत मून संपादित समग्र लेखन-भाषण मालेच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. लेखनाचा काळ सामान्यतः १९३५-३६ असा सांगितला जातो. तथापि शेवटच्या प्रकरणात १९३८ साली मुंबईत भरलेल्या सभेचा उल्लेख येतो. त्यामुळे निदान तो भाग तरी नंतरचा मानावा लागतो.

एकूण सहा प्रकरणांपैकी पहिली चार बाबासाहेबांच्या स्वतःच्या प्रवासांची आहेत. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावास निघालेली मुले, परदेशातील शिक्षणानंतर बडोद्यास नोकरीवर रुजू झालेला तरुण, १९२९ मध्ये शासकीय समितीचे सदस्य म्हणून खानदेशात फिरणारे बॅरिस्टर आणि १९३४ मध्ये वेरूळची लेणी पाहण्यास निघालेला नेता, असा हा क्रम आहे. उरलेली दोन प्रकरणे गुजरातमधील आहेत व ती इतरांच्या निवेदनांवर आधारलेली आहेत.

लेखनाच्या आरंभीच बाबासाहेब आपला वाचक कोण, हे सांगतात. अस्पृश्यता आहे एवढेच ऐकून असलेल्या, पण ती प्रत्यक्षात कशी असते याची कल्पना नसलेल्या परदेशी माणसासाठी ते लिहीत आहेत. त्याला समजावून देण्याचे दोन मार्ग त्यांना दिसतात : सर्वसाधारण वर्णन करणे किंवा एकेक प्रसंग मांडणे. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. निबंधलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगला पहिला धडा कोणता असू शकेल? आपले विद्यार्थी 'अस्पृश्यता हा समाजाला लागलेला कलंक आहे' असे वाक्य सहज लिहितात. परंतु रात्री शिदोरी जवळ असूनही केवळ पाणी न मिळाल्यामुळे मुलांना उपाशी झोपावे लागले, हे लिहिण्यास वेगळे शिक्षण लागते.

अमेरिकेतील पाटी आणि आपल्याकडील प्रश्न

मराठी विचारविश्वाला अमेरिकेतील वर्णभेद नवा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केला होता. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. आपल्या परिसरापुरते बोलायचे तर लातूर येथे इंग्रजीचे अध्यापन करणारे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांचे साहित्य व संस्कृती यांवर १९७० च्या दशकातच मराठीत ग्रंथ लिहिला. त्या वेळी लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजेच तुलनेची ही वाट मराठवाड्यातील इंग्रजीच्या प्राध्यापकांनी पूर्वीच चालून पाहिलेली आहे.

तथापि तुलना करताना साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वेगळेपण कायद्याने लिहून ठेवलेले होते. लुइझियाना राज्याने १८९० साली रेल्वेत स्वतंत्र डब्यांचा कायदा केला. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९३६ पासून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचाऱ्याने कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावी कोणते हॉटेल, खाणावळ किंवा पेट्रोलपंप आपल्याला दार उघडील, याची ती यादी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिची गरज संपत आली.

त्याच १९३० च्या दशकात बाबासाहेबांचे हे प्रवासलेखन आकाराला येत होते. परंतु आपल्याकडे अशी यादी छापता आली नसती, कारण डब्यावर पाटी नव्हती. रेल्वेचे तिकीट सर्वांना एकाच खिडकीवर मिळत होते. मुंबई कायदेमंडळाने तर १९२३ सालीच, सी. के. बोले यांच्या ठरावाने, सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे म्हटले होते. अडवणूक होत होती ती स्थानकाबाहेर पाऊल टाकल्यावर, गाडीवान, नाकेदार, खानावळवाला यांच्याशी बोलताना. तेथे पाटीचे काम एक प्रश्न करत होता : 'तुम्ही कोण?'

अमेरिकेत रंग दिसतो, म्हणून विचारावे लागत नाही, आणि येथे जात दिसत नाही, म्हणून विचारावे लागते, असे सूत्र यावरून मांडण्याचा मोह होतो. ते अर्धेच खरे आहे. १८९२ साली अटक झालेले होमर प्लेसी इतके गौरवर्णीय होते की त्यांनी स्वतः सांगितल्यावाचून त्यांचे 'कृष्णवर्णीय'पण कोणाला कळले नसते. तेथेही शेवटी प्रश्न व उत्तर यांवरच सारे अवलंबून होते. फरक असा, की तेथे हा प्रश्न कायद्याच्या आधाराने विचारला गेला. आपल्याकडे तो विचारणाऱ्यास कायद्याचीही गरज भासली नाही.

चार प्रवास, चार उत्तरे

या दृष्टीने पहिली चार प्रकरणे सलग वाचली असता त्यांतील रचना स्पष्ट होते. प्रत्येक प्रकरणात ओळखीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला जातो.

मसूर स्थानकावर नवे कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. नऊ-दहा वर्षांचा मुलगा विचार न करता खरे उत्तर देतो आणि समोरच्या माणसाचा चेहरा पालटतो. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकण्यास तयार होत नाही. मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे, अशी तडजोड होते. पुढे नाक्यावर पाणी मागताना मुलगा आपण मुसलमान असल्याचे सांगतो आणि उर्दूत बोलतो. म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला दोन धडे मिळतात : खरे बोलण्याचा परिणाम काय होतो आणि भाषेच्या आड लपता येते काय. दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर नकारार्थी येते. पाणी मिळत नाही.

बडोद्यात परिस्थिती अधिक गुंतागुंतीची होते. परदेशातील वास्तव्यात जातीची जाणीव पुसली गेलेला हा तरुण रेल्वेतून उतरताना उतरायचे कोठे, या प्रश्नापाशी अडतो. पारशी सराईत सदरा व कस्ती नसल्यामुळे तो पारशी नाही हे लगेच उघड होते. व्यवस्थापकाच्या संमतीने नोंदवहीत पारशी नाव लिहून तो तेथे राहतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव येतो आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास बजावतो. दोन मित्रांची दारे ठोठावूनही आसरा मिळत नाही. शेवटी तो बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहतो. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने दार उघडले, पण ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती दिली त्याच्या राजधानीत खोली मिळाली नाही, हा विरोध लेखक कोठेही अधोरेखित करीत नाही. वाचकानेच तो जुळवून घ्यावयाचा आहे.

चाळीसगाव व दौलताबाद येथे प्रश्न विचारलाच जात नाही. लेखक आता प्रसिद्ध आहे आणि त्याची ओळख त्याच्या आधी पोहोचलेली आहे. चाळीसगावचा टांगेवाला टांगा भाड्याने देण्यास तयार आहे, हाकण्यास नाही. १९०१ मधील गाडीवानाची अटच अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा समोर येते. सवय नसलेल्या माणसाच्या हातात लगाम जातो, पुलावर टांगा उलटतो आणि पायाचे हाड मोडते. दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याने तोंड धुतले म्हणून जमाव शिवीगाळ करतो आणि पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर दिला जातो. दौलताबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, तसाच आपला उस्मानाबाद जिल्हाही. 'असे दूर कोठेतरी घडले' असे म्हणण्याची सोय हे प्रकरण आपल्याला ठेवत नाही. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. ज्या वाटेने आपण रोज जातो, तिलाही इतिहास असतो.

'यू', 'तू' आणि 'तुम्ही'

या लेखनाची इंग्रजी सोपी आहे, असे सहज म्हटले जाते. वाक्ये लहान आहेत, काळाचा क्रम सरळ आहे, विशेषणे मोजकी आहेत. परंतु या साधेपणामागे एक भाषिक अडचण आहे आणि तिच्याकडे मराठी वाचकाचेच लक्ष जाऊ शकते. इंग्रजीत द्वितीय पुरुषाला एकच सर्वनाम आहे. स्टेशनमास्तराने जात कळण्यापूर्वी आणि कळल्यानंतर मुलांना कसे संबोधले, नाकेदार कोणत्या सुरात बोलला, हे मराठीत एका क्रियापदाच्या रूपातून कळले असते. 'कोठे जायचे आहे, बाळांनो?' आणि 'कुठं जायचंय रे?' यांतील अंतर इंग्रजी 'यू'मध्ये नाहीसे होते.

बाबासाहेब हे अंतर भरून काढतात ते कृतींच्या वर्णनाने. चेहरा बदलणे, काही न बोलता निघून जाणे, बराच वेळ वाट पाहावयास लावणे, अशा तपशिलांतून ते अनादर दाखवतात. जी गोष्ट मराठीत व्याकरण करते, ती इंग्रजीत निवेदनाला करावी लागते. म्हणूनच हा मजकूर भाषांतराच्या अध्यापनासाठी मोलाचा आहे. संवादांचा मराठी अनुवाद करताना कोणत्या वाक्यापासून 'तुम्ही'चे 'तू' करावयाचे, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागते. तो निर्णय घेताना आदरार्थी रूप कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे स्वतःच्या गावच्या बोलण्यातून त्याला ठाऊक असते. येथे त्याचे अनुभवाचे ज्ञान इंग्रजीच्या तासाला प्रथमच उपयोगी पडते.

'स्वतःची ओळख करून द्या'

यातून अध्यापनाचा एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. आपल्याकडे संभाषणात्मक इंग्रजीचा पहिला पाठ कोणता असतो? विद्यार्थ्याने उभे राहून आपले संपूर्ण नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय सांगणे. हा सराव निरुपद्रवी समजला जातो. परंतु मराठी गावात आडनाव आणि वडिलांचा व्यवसाय सांगितला की बाकीचे ऐकणाराच समजून घेतो. मसूरच्या स्टेशनमास्तराने जे विचारले, तेच आपण मुलाखतीच्या तयारीच्या नावाखाली पहिल्याच तासाला विचारत असतो. हेतू निराळा असेल, पण वर्गात बसलेल्या काही मुलांना तो प्रश्न तसाच ऐकू येतो. पुढे पुण्यासारख्या शहरात स्पर्धा परीक्षेसाठी खोली शोधताना आडनाव पुन्हा विचारले जाते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. बडोद्याच्या नोंदवहीचे प्रकरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे, असे म्हणून ते मिटवता येत नाही.

याचा अर्थ हा सराव सोडून द्यावा असा नाही. इंग्रजीत आपली ओळख कशी करून द्यावी, हे शिकवणे आवश्यकच आहे. परंतु ती ओळख कशाने व्हावी, याची निवड विद्यार्थ्याकडे असली पाहिजे. आपल्याला काय येते, काय आवडते, काल आपण काय पाहिले, यांवरूनही माणूस स्वतःला सांगू शकतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा लेखक नेमके हेच करतो. जन्माने दिलेल्या ओळखीला तो आपल्या निरीक्षणाच्या व निवेदनाच्या बळावर उत्तर देतो. चार प्रकरणांत इतर लोक त्याला 'तू कोण' ते सांगतात. संपूर्ण लेखनात मात्र ते लोक कोण होते, हे तोच सांगतो.

लेखनाच्या मर्यादा

समीक्षा म्हणून या लेखनाच्या मर्यादांचीही नोंद केली पाहिजे. चौथ्या प्रकरणानंतर प्रवासाचा धागा तुटतो. पाचवे प्रकरण १९२९ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका शिक्षकाच्या पत्रावर आधारलेले आहे. बाळंतिणीला स्पर्श न करणाऱ्या डॉक्टरची ती हकिकत अत्यंत विदारक आहे, तरीही निवेदकाच्या प्रत्यक्ष सहभागामुळे आधी निर्माण झालेली निकटता येथे राहत नाही. सहावे प्रकरण तलाठी म्हणून नेमलेल्या तरुणाचे आहे आणि त्यानंतर लेखन समारोप न करताच थांबते. शीर्षकातील व्हिसाची कल्पनाही मजकुरात कोठे उलगडून सांगितलेली नाही. स्वतःच्याच देशात प्रवेशपरवान्याची वाट पाहणे, हा अर्थ वाचकालाच लावावा लागतो. हा अपुरेपणा संपादित आवृत्तीने झाकू नये. अपूर्ण मजकूर वाचणे हेही शिक्षणच आहे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. या प्रवासांत स्त्रिया जवळजवळ नाहीत. पहिल्या प्रकरणातील आत्या घरीच राहते आणि पाचव्या प्रकरणातील मृत स्त्रीची कथा तिचा नवरा सांगतो. म्हणून या लेखनाच्या जोडीला बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनाचा माया पंडित यांनी २००८ साली केलेला इंग्रजी अनुवाद वाचला जावा. मूळ मराठी आणि इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवता येणे, हा त्यातील अधिकचा लाभ आहे.

अध्यापनाची दिशा

हा मजकूर वर्गात आणताना दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे, की त्याचा केवळ व्याकरणाचा कच्चा माल होऊ नये. तहानलेल्या मुलांच्या वाक्याचे कर्मणीत रूपांतर करावयास सांगणे, ही लेखनाची आणि वाचणाऱ्याची दोघांचीही उपेक्षा आहे. दुसरे असे, की कोणत्याही विद्यार्थ्यास 'तुझा असा अनुभव सांग' असे म्हणू नये. ज्याला सांगावयाचे आहे तो लिहील, ज्याला नाही त्याच्या मौनाचा मान राखावा. उलट गाडीवानाच्या, स्टेशनमास्तराच्या किंवा दार न उघडणाऱ्या मित्राच्या जागी उभे राहून लिहिण्याचा स्वाध्याय सर्वांना देता येईल. भेदभाव सहन करणाऱ्यानेच नेहमी साक्ष द्यावी, करणाऱ्याने मात्र श्रोता राहावे, ही वर्गातील जुनी विभागणी त्यामुळे मोडेल.

निष्कर्ष

१. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे सामाजिक इतिहासाचे साधन असण्याबरोबरच इंग्रजी गद्याचा नमुना म्हणूनही अभ्यासण्याजोगे लेखन आहे. प्रसंगांतून विचार मांडण्याची त्याची पद्धत विद्यार्थ्यांच्या लेखनास थेट उपयोगी पडणारी आहे.

२. अमेरिकेतील वर्णभेदाचे पाठ वगळण्याचे कारण नाही. मात्र हे लेखन त्यांच्याआधी शिकवल्यास पाटीने केलेला भेद आणि प्रश्नाने केलेला भेद यांतील साम्य व अंतर विद्यार्थी स्वतः ओळखू शकेल.

३. इंग्रजीतील एकच 'यू' आणि मराठीतील 'तू-तुम्ही' यांमधील दरी ही या मजकुराच्या अध्यापनातील सर्वांत फलदायी जागा आहे. तेथे ग्रामीण विद्यार्थ्याचे भाषाज्ञान उणीव न ठरता भांडवल ठरते.

४. ओळख करून देण्याचा इंग्रजीतील पहिला पाठ आपण ज्या पद्धतीने घेतो, तिचा फेरविचार व्हावा. 'तुम्ही कोण?' हा प्रश्न आपल्या वर्गात कसा विचारला जातो, हे ठरवणे प्राध्यापकांच्या हाती आहे आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.